कै. ताराबाई मोडक आणि ऋतूंची शाळा

वैतरणा स्टेशनांत उत्तरेकडे जाणारी गाडी धरिली कीं सफाळे, केळवे रोड, पालघर, बोईसर, वाणगांव असें करीत ती डहाणूस पोहोंचते, आणि डहाणूच्या पुढचें स्टेशन घोलवड. तेथून पश्चिमेस समुद्रकांठीं बोर्डी हें गांव आहे व दुसऱ्या अंगास, आंतल्या बाजूला, कोसबाडची टेकडी आहे. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं बोर्डीचा किनारा व तेथील चिकूच्या वाड्या पाहिल्या असतील. परंतु त्याच गांवीं इ. स. १९४५ सालीं त्रेपन्न वर्षांच्या एका विदुषीनें, मुंबईंतील नांवारूपास आलेलें काम मागें ठेवून, लहान मुलांची शाळा मांडिली ही हकीकत थोड्यांसच ठाऊक असते. कै. ताराबाई मोडक ह्या त्या विदुषी होत.

यंदाच्या अंकांत त्यांचें चरित्र देण्यास एक लहानसें निमित्त झालें, तें आधीं सांगून टाकतों. गेल्या पावसाळ्यांत आमच्या खालच्या वर्गांत ‘पाऊस’ हा विषय घेऊन एक आठवडा साजरा करावयाचें ठरलें. मुलांनीं निळे कपडे घालून यावें, कागदाची छत्री, रंगीत चिकटपट्टी व कापूस आणावा, अशी चिठ्ठी घरोघर गेली. दुसऱ्या दिवशीं एका मुलीची आजी शाळेंत आली व घरांत निळा कपडा नाहीं तर नातीनें घरीं राहावें काय, असें तिनें शांतपणें विचारलें. आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. बाहेर वैतरणेला गढूळ पाणी आलेलें, छपरावर सरी कोसळत आहेत, आणि आंत आम्ही खिडक्या लावून कापसाचे ढग चिकटवीत बसलों होतों! ज्या प्रश्नापाशीं आम्ही अडखळलों, त्याच प्रश्नानें ताराबाईंच्या आयुष्याची दिशा बदलली होती.

ताराबाईंचा जन्म मुंबईंत १९ एप्रिल १८९२ रोजीं झाला. माहेरचें आडनांव केळकर. वडील सदाशिव पांडुरंग केळकर हे प्रार्थनासमाजाचे. तेव्हां मुलींच्या शिक्षणास घरांत विरोध नव्हता. इ. स. १९१४ मध्यें त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. त्या काळीं पदवी घेतलेल्या स्त्रिया फारच थोड्या असत. पुढें अमरावतीचे वकील मोडक यांच्याशीं त्यांचा विवाह झाला, पण संसार टिकला नाहीं व १९२१ मध्यें उभयतां विभक्त झालीं. एकट्या स्त्रीनें आपली वाट आपण काढणें हें त्या दिवसांत किती अवघड होतें, हें आजच्या विद्यार्थिनींना कदाचित् सांगूनही पटणार नाहीं. ताराबाईंनीं राजकोट येथील स्त्रियांच्या ट्रेनिंग कॉलेजांत मुख्य अध्यापिकेची जागा पत्करिली. जागा मानाची होती. तरीही ती त्यांनीं सोडिली, आणि तीही बालवर्गावर शिकविण्यासाठीं.

त्यांना ओढून नेणारे गृहस्थ म्हणजे गिजुभाई बधेका. हे मूळचे वकील. भावनगरच्या दक्षिणामूर्ति संस्थेंत १९२० मध्यें त्यांनीं बालमंदिर उघडिलें होतें, आणि मुलांवरील मायेमुळें गुजराथेंतील लोक त्यांना मिशांची आई म्हणत. ताराबाई १९२३ च्या सुमारास तेथें गेल्या. इटलींतील डॉक्टर मारिया माँटेसरी यांनीं १९०७ मध्यें रोम शहरांतील एका गरीब वस्तींत बालगृह उघडून असें दाखविलें होतें कीं, मुलाच्या हातीं योग्य वस्तु दिल्या तर शिक्षा व बक्षीस यांवांचून तें आपण होऊन शिकतें. ही पद्धति गिजुभाई व ताराबाई या दोघांनीं उचलली, पण जशीच्या तशी नव्हे. तींत त्यांनीं आपल्याकडील गाणीं, गोष्टी, खेळ व नृत्यें घातलीं. इ. स. १९२६ मध्यें दोघांनीं नूतन बाल शिक्षण संघ स्थापन केला. शिक्षणपत्रिका हें मासिक गुजराथींत निघत असे. त्याच्या मराठी आवृत्तीचें संपादन पुढें ताराबाईंनीं केलें. मुलाला मारूं नये, ही गोष्ट आईबापांस पटविण्यासाठीं त्या पिढीस किती शाई खर्चावी लागली, हें त्या काळचीं मासिकें चाळल्यावांचून कळावयाचें नाहीं.

इ. स. १९३६ मध्यें ताराबाईंनीं दादर येथें शिशुविहार काढिला. शाळा चालूं लागली, तिचें नांव झालें, शिक्षिका तयार होऊं लागल्या. परंतु येथेंच एक कांटा सलत होता. माँटेसरीबाईंचीं साधनें म्हणजे गुलाबी ठोकळ्यांचा मनोरा, मापांत कातलेले लांकडी दट्टे, खरखरीत कागदाचीं अक्षरें. सुतारानें एका केसाची चूक केली तर साधन फुकट. अर्थात् तीं महाग पडत. रोमच्या गरिबांच्या मुलांसाठीं निघालेली पद्धति आपल्या शहरांत फी भरूं शकणाऱ्यांची होऊन बसली. ज्याच्या घरीं दोन वेळची भाकरी नाहीं, त्याच्या मुलानें काय करावें? गांधीजींनीं १९३७ मध्यें नयी तालीमेचा विचार देशापुढें मांडिला होता, त्याचाही ताराबाईंच्या मनावर परिणाम झाला. शेवटीं त्यांनीं ठरविलें कीं, खेड्यांत जाऊन पाहिल्यावांचून ह्याचें उत्तर मिळणार नाहीं.

म्हणून बोर्डी. ह्या गांवांत आचार्य भिसे यांच्यासारख्यांनीं शिक्षणाची आवड आधींच रुजविली होती. इ. स. १९४५ मध्यें तेथें ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झालें. ताराबाईंच्या हाताखालीं अनुताई वाघ ह्या पस्तीस वर्षांच्या शिक्षिका आल्या. अनुताई मूळच्या पुणें जिल्ह्यांतील मोरगांवच्या; बालपणींच विवाह होऊन बालपणींच त्यांना वैधव्य आलें होतें. ह्या दोघींची जोडी पुढें ताराबाईंच्या अंतापर्यंत टिकली. तें वर्ष साधें नव्हतें. त्याच सालीं तलासरी–उंबरगांवच्या बाजूस गोदावरी व शामराव परुळेकर यांच्या पुढाकारानें वारली मजूर वेठीविरुद्ध उठले होते. ज्या पाड्यांतील मोठीं माणसें सावकाराच्या शेतावर फुकट राबत होतीं, त्यांच्या मुलांस शाळेंत बोलवावयास ह्या बाई निघाल्या होत्या.

मुलें आलीं नाहींत. ह्याचें नवल वाटण्याचें कारण नाहीं. चार वर्षांच्या मुलीच्या कडेवर एक वर्षाचें भावंड असे. सहा वर्षांचा मुलगा गुरांमागें जाई. पाड्यापासून गांवांतल्या शाळेपर्यंतची वाट पायांना लांब नव्हती, पण मनाला फार लांब होती. एखाद्या दुसऱ्या शिक्षकानें लोकांच्या अज्ञानास दोष देऊन स्वस्थ बसण्याचें केलें असतें. ताराबाईंनीं दोष शाळेच्या जागेला दिला. मूल शाळेंत येत नसेल तर शाळेनें मुलाकडे जावें, असें म्हणून त्यांनीं पाड्यावरच्या झोंपडीपुढील सारविलेल्या आंगणांत वर्ग भरविला. आधीं न्हाणें, नखें काढणें, केस विंचरणें, मग गाणें, मग खेळ व काम. आया दारांतून पाहत. ह्या वर्गाला आंगणवाडी हें नांव पडलें.

आतां साधनांचें काय? मुंबईहून पेट्या आणण्यास पैसा नव्हता, आणि आणल्या असत्या तरी मुलें त्यांना बुजलीं असतीं. तेव्हां समुद्रकांठचे शंख-शिंपले, ओढ्यांतले खडे, झाडांचीं पानें व बिया, बांबू आणि चिकणमाती हींच साधनें झालीं. लहानमोठे शिंपले क्रमानें मांडणें हें लांकडी दट्ट्यांचेंच काम आहे. चिंचोक्यांनीं मोजतां येतें, पानांच्या कडांवरून बोट फिरवून आकार कळतो, आणि मातीला तर कोणत्याच कारखान्याची तोड नाहीं. माँटेसरीबाईंचें तत्त्व राखून त्यांची पेटी सोडून द्यावयाची, हें धैर्य ताराबाईंनीं दाखविलें. आमच्या मतें त्यांच्या सर्व कामांत हाच भाग सर्वांत मोलाचा होय.

ह्या साधनांचा एक गुण असा कीं, तीं ऋतूबरोबर बदलतात. आमच्या भागांतील कोणताही पाडा घ्या. जूनांत पेरणी, पुढें चिखलांत भाताची आवणी, दिवाळीच्या आगेंमागें कापणी, मग झोडणी, नंतर गवत कापण्याचें काम, आणि उन्हाळ्यांत लग्नें. कापणीनंतर कित्येक कुटुंबें वीटभट्टीवर किंवा मिठागरावर जातात, तीं मुलांसकट. ज्या शाळेचें वर्ष ह्या वर्षाशीं जुळत नाहीं, तिच्या हजेरीपटांत भोकें पडणारच. चिखल आहे तोंवर मातीकाम, भात पिकलें कीं दाण्यांची मोजणी व निवडणी, पानगळींत पानांच्या जोड्या लावणें, शिमग्याच्या सुमारास पळस व सांवरीच्या फुलांचे रंग : एवढ्यानें बालवर्गाचें वर्ष भरून जातें, आणि कोणास घरीं पैसे मागावे लागत नाहींत.

येथें आमच्या फजितीचा शेवटही सांगावयास हवा. त्या आजीबाईंस आम्हीं पुढच्या आठवड्यांत वर्गांत बोलाविलें. त्या पदरांत टांकळा, कुरडू आणि आणखी कसल्या कसल्या रानभाज्या घेऊन आल्या. मुलांनीं पानें मोजलीं, हुंगलीं, त्यांचीं चित्रें काढिलीं. त्यांतील दोन भाज्यांचीं नांवें आम्हां शिक्षकांसही ठाऊक नव्हतीं.

इ. स. १९५६-५७ च्या सुमारास केंद्र बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर गेलें. तेथें ताराबाईंनीं विकासवाडी ही कल्पना अमलांत आणिली. पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच ठिकाणीं असावीं, म्हणजे थोरल्या बहिणीस धाकट्या भावासाठीं घरीं राहावें लागणार नाहीं. वस्तुतः ही अगदीं साधी गोष्ट, परंतु ती सुचण्यास आधीं त्या बहिणीकडे नीट पाहावें लागतें. गुरें राखणाऱ्या मुलांसाठीं कुरणशाळा निघाली : गुरें चरत आहेत, आणि जवळच झाडाखालीं वर्ग चालला आहे. गुराख्याचें काम चुकत नाहीं, आणि अक्षरही चुकत नाहीं. अर्थात् सर्व मुलें शेवटपर्यंत शिकलीं असें मुळींच नाहीं. पोटासाठीं गांव सोडणाऱ्या कुटुंबांपुढें कुरणशाळेचाही इलाज चालत नसे. तो प्रश्न आजही पुरता सुटलेला नाहीं.

भारत सरकारनें १९६२ मध्यें ताराबाईंस पद्मभूषण हा किताब दिला. ३१ ऑगस्ट १९७३ रोजीं त्या वारल्या. अनुताईंनीं टेकडी सोडिली नाहीं. १९९२ मध्यें स्वतःच्या मृत्यूपर्यंत त्यांनीं तें काम चालविलें.

ताराबाई गेल्यावर दोन वर्षांनीं, २ ऑक्टोबर १९७५ रोजीं, सरकारनें लहान मुलांच्या पोषणाची व शिक्षणाची एकात्मिक बालविकास योजना देशांतील ३३ ठिकाणीं आरंभिली, व तिच्या केंद्रांस अंगणवाडी हें नांव दिलें. पुढें ही योजना देशभर पसरली. वैतरणेपासून घोलवडपर्यंत कोणत्याही स्टेशनावर उतरून पाड्याची वाट धरिली, तर ह्या नांवाची पाटी कोठें ना कोठें दिसते. बोर्डीच्या शेजारच्या पाड्यावर, एका सारविलेल्या आंगणांत, तें नांव पहिल्यानें उच्चारलें गेलें होतें.