रेव्हरंड गॉर्डन हॉल

शुभवर्तमानाच्या कार्यास विरोध व्हावयाचा तो परधर्मीयांकडूनच, अशी आपली समजूत असते. गॉर्डन हॉल ह्यांस तो प्रथम झाला, तो ख्रिस्ती म्हणविणाऱ्या सरकाराकडून.

ह्यांचा जन्म १७८४ सालीं अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स प्रांतांत झाला. विल्यम्स कॉलेजची पदवी घेतल्यावर वुडबरी येथील मंडळीनें त्यांस पाळक होण्याविषयीं आग्रह केला. जागा सुखाची होती. त्यांनीं ती नाकारिली. ६ फेब्रुवारी १८१२ रोजीं सेलम येथें त्यांस इतर चौघांबरोबर दीक्षा मिळाली आणि त्याच महिन्यांत ते हिंदुस्थानाकडे निघाले.

मिशनऱ्यांच्या उपदेशानें प्रजा बिथरेल व व्यापारास धोका पोहोंचेल, हें कंपनी सरकारास भय होतें. त्यांतच इंग्लंड व अमेरिका ह्यांमध्यें युद्ध जुंपलें. कलकत्त्यास ह्या मंडळींस देश सोडण्याचा हुकूम झाला. हॉल व सॅम्युएल नॉट हे मुंबईच्या जहाजांत चढले व ११ फेब्रुवारी १८१३ रोजीं येथें उतरले. पण हुकूम पाठोपाठ आलाच. गव्हर्नर सर इव्हान नेपियन हे धर्मशील गृहस्थ. त्यांनीं होईल तितकी दिरंगाई केली, तरी वरिष्ठांपुढें त्यांचें चालेना. शेवटीं नोव्हेंबरांत दोघे कोणास न कळवितां देशी गलबतांतून कोचीनकडे निघून गेले. तेथून त्यांस परत आणण्यांत आलें.

ज्या गव्हर्नरांनीं त्यांजवर विश्वास टाकिला, त्यांसच ह्यामुळें ओशाळें व्हावें लागलें. कार्य पवित्र म्हणून दिलेल्या विश्वासाचें बंधन सुटतें काय? प्रस्तुत लेखकास तरी तें जाणें शोभलें असें वाटत नाहीं.

शोभलें तें पुढचें. परत आल्यावर हॉल ह्यांनीं उघडपणें लेखणी धरिली. प्रभूची आज्ञा पाळण्यास आलेल्या निरुपद्रवी माणसांस हांकून देणाऱ्या ख्रिस्ती अधिकाऱ्यांस त्याच प्रभूच्या न्यायासनापुढें उत्तर द्यावें लागेल, असें त्यांनीं गव्हर्नरांस नम्रपणें, पण आडपडदा न ठेवितां कळविलें. त्यांची रवानगी थांबली. १८१३ च्या सनदेनें मिशनऱ्यांस वाट मोकळी झालीच होती. पुढें चार्ल्स ग्रांट ह्यांच्या रदबदलीनें डायरेक्टरांनींही त्यांस राहूं दिलें.

आतां सरकार आड नव्हतें, तरी काम सोपें झालें नाहीं. नॉट १८१५ सालीं प्रकृतीमुळें परतले. मागाहून येऊन मिळालेले न्यूएल १८२१ सालीं पटकीनें वारले. हॉल मराठी शिकून रस्तोरस्तीं उपदेश करीत. लोक ऐकत, हंसत व निघून जात. बाप्तिस्मा घेणारा क्वचितच. तरी शाळा निघाल्या, १८१७ पासून छापखाना चालूं झाला, १८२४ सालीं मुलींची शाळाही उघडली. १८२५ सालीं त्यांची पत्नी दोन मुलांस घेऊन अमेरिकेस गेली. एक मुलगा समुद्रावरच वारला. हॉल एकटे येथें राहिले.

मार्च १८२६ मध्यें ते नाशिकास गेले असतां तेथें पटकीची साथ होती. बरोबरचें बहुतेक औषध त्यांनीं रोग्यांस वांटून टाकिलें. परतीच्या वाटेवर, एका खेड्यांतील देवळाच्या ओसरीवर, त्यांस स्वतःस तीच व्याधि जडली, तेव्हां पुरेसें औषध उरलें नव्हतें. २० मार्च रोजीं त्यांचा अंत झाला. सोबतच्या माणसांनीं देह घोंगडींत गुंडाळून पेटीवांचूनच पुरला. त्याच वर्षीं मिशनच्या छापखान्यांतून मराठी नवा करार बाहेर पडला.