कमलाबाईंची दुहेरी तपश्चर्या

सन १९३५. वर्ध्याच्या मगनवाडीत तेव्हा अन्नाचे प्रयोग चालले होते. अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ १९३४ च्या डिसेंबरात स्थापन झाला होता, कुमारप्पा त्याचे कार्यवाह होते आणि गांधीजी तिथेच मुक्कामाला होते. हातसडीचा तांदूळ, घाणीचे तेल, गूळ, कच्च्या पालेभाज्या, सोयाबीन असे एकेक अन्न पंगतीत येई. ते गरिबाला परवडेल का आणि त्याच्या अंगी लागेल का, याची पारख होई.

त्याच सुमारास बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये चोविशीची एक मराठी मुलगी दूध, डाळी आणि कडधान्ये यांतील प्रथिने तपासत होती. एकीकडे पंगत, दुसरीकडे परीक्षानळी. प्रश्न मात्र एकच होता. ही मुलगी म्हणजे कमला भागवत, पुढच्या डॉ. कमला सोहोनी. विज्ञानात पीएच.डी. मिळवणाऱ्या पहिल्या काही भारतीय स्त्रियांपैकी त्या एक. साहित्याच्या वाचकांना ओळख पटावी म्हणून सांगायचे, तर दुर्गाबाई भागवतांच्या त्या धाकट्या भगिनी.

कमलाबाईंचा जन्म १९११ चा, इंदूरचा. वडील नारायणराव आणि काका माधवराव दोघेही रसायनशास्त्रज्ञ, दोघेही बंगळुरूच्या त्याच संस्थेतून शिकून आलेले. मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी. परीक्षेत १९३३ साली कमलाबाई पहिल्या आल्या. आता आपणही वडिलांच्या संस्थेत जायचे, हे त्यांनी गृहीतच धरले होते. पण संस्थेचे संचालक होते सर सी. व्ही. रामन. नोबेल मिळवलेल्या या थोर शास्त्रज्ञाने अर्ज नाकारला. कारण एकच, अर्जदार स्त्री होती.

कमलाबाई बंगळुरूला गेल्या आणि सत्याग्रहाची भाषा बोलू लागल्या. अखेर प्रवेश मिळाला, तोही अटींवर. पहिले वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून नोंद नाही, मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्री-अपरात्री काम करायचे आणि पुरुष सहकाऱ्यांचे लक्ष विचलित होऊ द्यायचे नाही. त्यांनी अटी पाळल्या, पण तो अपमान जन्मभर विसरल्या नाहीत. श्रीनिवासय्या यांच्यासारखे कडक आणि मनापासून शिकवणारे गुरू लाभले, हे भाग्य. वर्षभरात रामन यांचे मत बदलले. १९३६ साली कमलाबाई एम.एस्सी. झाल्या आणि संस्थेचे दार इतर मुलींसाठीही उघडले.

पुढचा टप्पा केंब्रिजचा. मुंबई विद्यापीठाच्या शिष्यवृत्त्यांवर १९३७ च्या डिसेंबरात त्या तिथे पोचल्या. जीवनसत्त्वांच्या शोधासाठी नोबेल मिळवणारे सर फ्रेडरिक हॉपकिन्स यांच्या प्रयोगशाळेत जागाच शिल्लक नव्हती. तेव्हा डेरेक रिक्टर या संशोधकाने आपले टेबल दिवसा त्यांना देऊ केले आणि स्वतः रात्री काम करायचे ठरवले. पुढे रॉबिन हिल यांच्याकडे बटाट्यावर काम करताना कमलाबाईंना वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम सी सापडले. पेशीच्या श्वसनक्रियेतील ऊर्जेच्या साखळीमधला हा एक महत्त्वाचा दुवा. अवघ्या चौदा महिन्यांत प्रबंध तयार झाला. पाने किती, तर चाळीस! १९३९ साली डॉक्टरेट हाती आली.

बहुतेकांची चरित्रे इथे संपतात, कारण पदवी म्हणजेच कळस असे आपण मानतो. कमलाबाईंचे खरे काम यानंतरचे आहे, आणि ते शिकवता शिकवता झालेले आहे.

परत आल्यावर त्या दिल्लीच्या लेडी हार्डिंज मेडिकल कॉलेजात जीवरसायनशास्त्राच्या विभागप्रमुख झाल्या. पुढे सेवाग्रामचे वैद्यकीय महाविद्यालय उभारणाऱ्या डॉ. सुशीला नायर याच कॉलेजच्या विद्यार्थिनी. दिल्लीत अध्यापन होते, पण संशोधनाला वाव कमी. म्हणून त्या कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत सहायक संचालक म्हणून गेल्या. तिथे संशोधन होते, पण पुढची वाट दिसेना. १९४७ साली मा. वि. सोहोनी यांच्याशी विवाह झाला, त्या मुंबईला आल्या आणि नंतर रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये प्राध्यापक झाल्या. एका नोकरीत फक्त फळा, दुसरीत फक्त प्रयोगशाळा. मुंबईत दोन्ही एका छताखाली आले.

इथे त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांसाठी निवडलेले विषय पाहण्यासारखे आहेत. दूरदेशीचे दुर्मीळ काही नाही. कडधान्ये, तांदळाचे पीठ, नीरा आणि ताडगूळ. वाल आणि डबल बीन यांत ट्रिप्सिनला, म्हणजे प्रथिने पचवणाऱ्या आपल्या पोटातल्या रसाला, अडवणारे घटक असतात. ते स्फटिकरूपात वेगळे केल्याचा निबंध १९५५ मध्ये ‘नेचर’ या जगप्रसिद्ध नियतकालिकात छापून आला. असे घटक उष्णतेने बरेचसे निकामी होतात. वाल भिजवून, मोड आणून, नीट शिजवूनच खावेत, या आपल्या आज्यांच्या शिस्तीला असा आधार मिळाला.

नीरेचे काम सुचवले राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी. पहाटे झाडावरून उतरवलेला गोड रस म्हणजे नीरा. ऊन चढले की तिची ताडी होते, म्हणून मडक्याला आतून चुना लावतात. कमलाबाई आणि त्यांचे विद्यार्थी अनेक वर्षे या रसामागे लागले. त्यातील जीवनसत्त्वे आणि लोह मोजले, ते गुळात कितपत टिकतात हे पाहिले. कुपोषित आदिवासी मुले आणि गर्भवती यांच्या आहारात नीरा देऊन तिचा गुण तपासला. या कामाला राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. सेवाग्रामच्या परिसरात ज्या ग्रामोद्योगाला गांधीजींच्या माणसांनी हात घातला होता, त्याला प्रयोगशाळेने मोजमाप दिले ते असे.

संस्थेचे संचालकपद त्यांना उशिराच मिळाले. अंतर्गत राजकारणाने ते लांबवले. पण त्यांचे काम पदावर अडून राहिले नाही. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या कन्झ्युमर गायडन्स सोसायटीत त्यांनी अन्नभेसळीविरुद्ध काम केले. मराठीत ‘आहार-गाथा’ लिहिली. १९९८ साली नवी दिल्लीत आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या सत्कार समारंभातच त्या कोसळल्या आणि थोड्याच काळात त्यांचे निधन झाले.

हे सारे आज वर्धा जिल्ह्यातल्या घरांना सांगण्याचे कारण आहे. वर्धा, हिंगणघाट, आर्वी येथील महाविद्यालयांत जीवशास्त्र शिकवता शिकवता पीएच.डी. करणारी मुले-मुली आपल्याच घरांतली आहेत. सकाळी तास, दुपारी प्रात्यक्षिके, मध्येच परीक्षेचे काम आणि उरल्या वेळात प्रबंध. बँकेच्या नोकरीत कर्जाच्या अर्जांच्या निमित्ताने अशी पुष्कळ माणसे मला भेटली. शिकवणे संशोधनाचा वेळ खाते, अशी तक्रार त्यांच्या तोंडी नेहमीची असे आणि ती खोटी नव्हती. पदोन्नतीपुरता विषय निवडला, की शिकवणे आणि संशोधन ही दोन वेगळी खाती होतात आणि एकातून काढून दुसऱ्यात भरावे लागते.

कमलाबाईंनी खाते एकच ठेवले. वर्गातला विद्यार्थी उद्या प्रयोगशाळेत सोबती होई आणि प्रयोगशाळेतला प्रश्न वर्गात येई. विषय असा, की विद्यार्थ्याने घरी आईला विचारला तरी तिला काही सांगता यावे. आपल्याकडे अशा विषयांना तोटा नाही. शेतात तूर आणि सोयाबीन उभे आहे, बांधावर शिंदी आहे, घरोघरी मोडाची मटकी आहे.

एवढ्याने सगळे साधणार नाही. रिक्टरसाहेबांनी टेबल दिले नसते, तर केंब्रिजचा प्रबंध अडला असता. आपल्या घरातल्या लेकीला किंवा सुनेला प्रबंध लिहायचा असेल, तर तिला दिवसातले चार तास आणि एक मोकळे टेबल देणे आपल्या हाती आहे. तिचा प्रबंध चाळीस पानांचा झाला तरी हरकत नाही.