सांधेवाला स्पायसर

अमेरिकेत पिकअप ट्रक मॉडिफाय करणाऱ्यांची एक वेगळीच जमात आहे. कंपनीने 31 इंची टायर दिले की यांना 37 इंची हवे असतात. दगडधोंड्यांत, चिखलात, कोरड्या नदीच्या पात्रात गाडी घालायची म्हणजे गाडीचं पोट उंच पाहिजे आणि त्यासाठी टायर मोठा पाहिजे. टायर बसतात, गाडी झकास दिसते, फोटो निघतात. मग एखाद्या खडकावर चाक अडकतं, स्टिअरिंग पूर्ण वळवलेलं असतं, पठ्ठ्या ॲक्सिलरेटर दाबतो आणि पुढच्या चाकाजवळ 'कडाड्' असा आवाज येतो. सांधा गेला!

म्हणून यातले शहाणे लोक टायरच्या आधी ॲक्सल बदलतात. डाना 44 काढून तिथे जड ट्रकचा डाना 60. डाना हे नाव त्यांच्या तोंडी आपल्याकडच्या बुलेटसारखं असतं. पण त्याच ॲक्सलच्या सांध्याच्या खोक्यावर दुसरंच नाव छापलेलं असतं : स्पायसर. मित्रांनो, हा लेख या दुसऱ्या नावाबद्दल आहे. (पुण्यातल्या स्पायसर कॉलेजचा इथे काही संबंध नाही. ते नाव विल्यम स्पायसर नावाच्या मिशनऱ्यावरून आलंय.)

क्लॅरेन्स स्पायसर 1875 साली इलिनॉय राज्यात जन्मला. घरचा डेअरीचा धंदा होता. तिथली यंत्रं चालू ठेवणं हे या मुलाचं काम, त्यामुळे हात लहानपणापासूनच ग्रीसमध्ये! कॉर्नेल युनिव्हर्सिटीत इंजिनिअरिंगला आला तेव्हा पंचविशीच्या आसपासचा होता आणि लग्नही झालेलं होतं. म्हणजे आपल्या वर्गात बसला असता तर आपण त्याला 'काका' म्हटलं असतं.

तिथे त्याने एका मोटारगाडीचं डिझाइन करायला घेतलं. त्या काळच्या बऱ्याच गाड्यांत इंजिनाची ताकद मागच्या चाकांपर्यंत सायकलसारखी साखळीने जायची. साखळी उघडी, रस्ते मातीचे. धूळ बसायची, साखळी ताणली जायची, आवाज करायची आणि सारखं तेल मागायची. स्पायसरला साखळीऐवजी फिरता शाफ्ट हवा होता. पण खड्ड्यात ॲक्सल वरखाली होतो आणि इंजिन मात्र चॅसीवर पक्कं असतं. सरळ दांडा जोडला तर तो वाकेल नाहीतर मोडेल. मध्ये वाकणारा सांधा हवाच.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. युनिव्हर्सल जॉइंट स्पायसरने शोधला असं बरेच जण सांगतात, ते खरं नाही. इटलीतल्या कार्दानोचं नाव त्याला सोळाव्या शतकापासून चिकटलंय आणि सतराव्या शतकात रॉबर्ट हूकने तो वापरलाय (हो, तोच स्प्रिंगवाला हूक). स्पायसरने केलं ते वरकरणी अगदी साधं. त्याने सांध्याला बंद आवरण दिलं. ग्रीस आत राहील, धूळ बाहेर राहील आणि तरी सांधा वाकेल, असं. मला विचाराल तर ही मूळ शोधापेक्षा लहान गोष्ट नाही. कागदावर चालणारा सांधा तीनशे वर्षं होता, मातीच्या रस्त्यावर टिकणारा सांधा याने केला.

मे 1903 मध्ये पेटंट मिळालं. मोटार कंपन्या विचारू लागल्या. आता डिग्री की धंदा? स्पायसरने 1904 मध्ये कोर्स पुरा न करता कॉलेज सोडलं आणि न्यू जर्सीतल्या प्लेनफिल्ड गावी, छपाईची यंत्रं बनवणाऱ्या पॉटर कंपनीच्या आवारात जागा घेऊन सांधे बनवायला सुरुवात केली. (हे वाचून कोणी उद्या प्रिन्सिपलच्या केबिनमध्ये जाऊ नये. त्याच्या हातात आधी पेटंट होतं, आपल्या हातात केटी आहेत.)

माल खपत होता, पण पैसा पुरत नव्हता. दहा वर्षांत कंपनी अडचणीत आली. 1914 साली चार्ल्स डाना नावाचा न्यूयॉर्कचा वकील पैसे घेऊन आला आणि 1916 मध्ये तोच कंपनीचा अध्यक्ष झाला. स्पायसर उपाध्यक्ष. कुणाला हा अन्याय वाटेल, पण डाना नसता तर कंपनीच उरली नसती, हेही खरं. 1919 मध्ये या कंपनीने सॅलिसबरी ॲक्सल कंपनी घेतली आणि सांधेवाले ॲक्सलवाले झाले. डाना 60 चं हाऊसिंग आजही 'सॅलिसबरी टाइप' म्हणून ओळखलं जातं.

नोव्हेंबर 1939 मध्ये स्पायसर वारला. पुढच्याच वर्षी अमेरिकन सैन्याने छोटी फोर-व्हील-ड्राइव्ह गाडी मागवली आणि बँटम कंपनीला ती 49 दिवसांत करून द्यायची होती. नवीन ॲक्सल घडवायला वेळच नव्हता. म्हणून स्टुडबेकर चॅम्पियन या साध्या मोटारीचे ॲक्सल घेऊन स्पायसर कंपनीने ते बदलून दिले. तीच पहिली जीप. पुढे विलीजच्या जीपमध्येही स्पायसरचेच ॲक्सल आले आणि त्या जीपची जुळणी स्वातंत्र्यानंतर महिंद्रांनी मुंबईत सुरू केली. आपल्याकडे गॅरेजवाला ज्याला नुसतं 'क्रॉस' म्हणतो, तो हाच सांधा. 1946 साली कंपनीचं नाव डाना झालं. स्पायसर हे नाव मालावर राहिलं.

आता परत त्या पिकअपकडे. 31 च्या जागी 37 इंची टायर म्हणजे त्रिज्या साधारण 19 टक्के जास्त. लहान टायर अडकला की तो घसरतो, म्हणजे एक प्रकारे फ्यूजचं काम करतो. मोठा टायर घसरायला जास्त टॉर्क लागतो आणि तो सगळा ॲक्सल शाफ्टमधून जातो. डाना 44 चा पुढचा शाफ्ट साधारण 1.31 इंच जाडीचा, डाना 60 चा 1.5 इंच. फरक दिसायला बोटभरही नाही, पण पिळाची ताकद व्यासाच्या घनावर जाते, म्हणून ती जवळजवळ दीडपट होते. (स्ट्रेंथ ऑफ मटेरिअल्सचं ते सूत्र कुठेतरी कामाला येतं हे बघून बरं वाटलं.) शिवाय हलक्या पिकअपच्या मागच्या सेमी-फ्लोटिंग ॲक्सलमध्ये गाडीचं वजनही शाफ्टवर येतं. फुल-फ्लोटिंगमध्ये वजन हबच्या बेअरिंगवर जातं आणि शाफ्ट फक्त फिरवायचं काम करतो. गिअरही बदलावे लागतात. 3.73 चा रेशो असेल तर 4.56 चा घालायचा, नाहीतर इंजिन धापा टाकतं.

पण गाडी उंच केली की प्रॉपेलर शाफ्टचा कोन वाढतो आणि हूकचा जुना दोष वर येतो. 30 अंशाच्या कोनात एकच सांधा असेल तर इकडे एकसारखी फेरी दिली तरी पलीकडचा शाफ्ट प्रत्येक फेरीत दोनदा 15 टक्के जलद आणि दोनदा 13 टक्के हळू होतो. गाडी थरथरते. दोन सांधे, दोन्हींचे कोन सारखे आणि दोन्ही योक एका रेषेत बसवले तर हा हिशोब जुळतो. बसवताना एक दात जरी चुकला तरी थरथर सुरूच राहते.

पुढच्या चाकात मात्र हा हिशोबही जमत नाही, कारण वळताना कोन सतत बदलतो आणि तिथे बहुतेक वेळा एकच सांधा असतो. म्हणूनच तुटतो तो बहुधा तिथेच, पूर्ण वळलेल्या चाकावर. डाना 60 बसवलेले पक्के लोकसुद्धा डोंगरात जाताना टूलबॉक्समध्ये जास्तीचा शाफ्ट आणि दोन-तीन क्रॉस ठेवतात, आणि तिथेच दगडावर गाडी जॅकवर घेऊन बदलतात.