दहा रुपयांची बंदूक

१९८६ साली माझी बदली देवरीकडच्या एका लहानशा शाखेत झाली. तेव्हा तो मुलूख भंडारा जिल्ह्यात मोडत असे. गोंदिया जिल्हा वेगळा झाला तो १ मे १९९९ रोजी. धानाच्या बांध्या, पाण्यानं भरलेल्या बोड्या आणि त्यांच्या पलीकडे लगेच जंगल. पीककर्जाच्या वसुलीला गावोगाव हिंडताना एका जुन्या मालगुजाराच्या वाड्यात मी पहिल्यांदा भरमार बंदूक जवळून पाहिली. ओसरीच्या भिंतीत दोन खुंट्या, त्यांवर ती आडवी ठेवलेली. लांबी जवळजवळ माझ्या उंचीइतकी. बंदूक परवान्याची होती. निवडणूक आली की ठाण्यात जमा व्हायची, निकाल लागला की परत खुंट्यांवर यायची. तिचा शेवटचा बार कधी निघाला, हे मात्र घरात कुणालाच आठवत नव्हतं.

त्या गावात एक म्हातारा खाती होता. आमच्या झाडीपट्टीत लोहारकाम आणि सुतारकाम दोन्ही करणाऱ्याला खाती म्हणतात. त्याच्या आज्यानं अशा बंदुका घडवल्या होत्या. तो स्वतः फाळ, विळे आणि कुऱ्हाडी करायचा, पण आज्याचं काम लहानपणी डोळ्यांनी पाहिलेलं. भात्यापाशी बसून त्यानं मला ती सगळी रीत समजावून सांगितली.

लोखंडाची चपटी पट्टी लाल करून सळईभोवती वळवायची. मग वीत-वीतभर भाग पांढराशुभ्र होईपर्यंत तापवायचा, सवागी टाकायची आणि घणानं दोन्ही कडा एकमेकींत मुरवायच्या. एके ठिकाणी जरी सांधा कच्चा राहिला, तरी बार उडवणाऱ्याच्या तोंडाशीच नळी फुटणार. पण खरं कसब नळीत नव्हे, कळीत. घोड्याच्या जबड्यात चामड्यात गुंडाळलेली गारगोटी धरायची. चाप ओढला की तिनं समोरच्या पोलादी पत्र्यावर आदळायचं, ठिणग्या रंजकावर पडायच्या आणि बारीक भोकातून आग आतल्या दारूपर्यंत पोचायची. पत्रा मऊ राहिला तर ठिणगी पडत नाही, फार कडक झाला तर तडकतो. आतली कमान पाणी दिल्यावर पुन्हा मंद आचेवर धरायची आणि लोखंडावर निळा रंग चढला की लगेच काढायची. तो निळा कोणता, हे सांगून कळत नाही. उस्तादाच्या शेजारी बसून तो पाच-सात वर्षं पाहावा लागतो.

वाड्यातली बंदूक मुळात अशीच चकमकीची होती. पुढं टोपीची, म्हणजे केपाची पद्धत आली, तेव्हा कुणीतरी तिची कळ बदलून घेतली होती. जुन्या भोकाची बुजवलेली खूण खात्यानं मला बोटानं दाखवली.

इतिहास वाचण्याचा नाद मला पहिल्यापासूनचा. त्याच सुमारास महादजी शिंद्यांविषयी मिळेल ते मी वाचत होतो. त्यात एके ठिकाणी माझ्यातला बँकवाला थबकला. महादजींच्या आग्र्याच्या कारखान्यात विलायती तोडीची चकमकीची बंदूक अवघ्या दहा रुपयांत तयार होत असे! तेव्हापासून मी या थोर माणसाचं चरित्र त्या दहा रुपयांच्या बाजूनं वाचू लागलो.

महादजींचा जन्म १७३० च्या आसपासचा. सातारा जिल्ह्यातलं कण्हेरखेड हे शिंद्यांचं मूळ गाव. वडील राणोजी थोरल्या बाजीरावांच्या पदरी वाढले आणि माळव्याचे सरदार झाले. महादजी हे त्यांचे धाकटे चिरंजीव. वडीलबंधू जयाप्पा १७५५ मध्ये नागोरला मारले गेले, दत्ताजी १० जानेवारी १७६० रोजी बुराडी घाटावर पडले. पुढच्या वर्षी, १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतात तुकोजी गेले आणि पुतण्या जनकोजीही गेला. महादजी घोड्यावरून निसटले. एका अफगाण स्वारानं लांबवर पाठलाग करून त्यांना गाठलं आणि पायावर घाव घालून तिथंच टाकून दिलं. राणेखान नावाच्या एका भिस्त्यानं त्यांना आपल्या बैलावर घालून वाचवलं. पाय जन्माचा अधू झाला. महादजींनी राणेखानाला भाई मानलं आणि पुढं त्याला फौजेचा सरदार केलं. उपकार विसरायचे नाहीत, हा त्यांचा स्वभाव होता.

घरचा कर्ता पुरुष उरला नव्हता, तरी सरदारी त्यांच्या हाती सुखासुखी आली नाही. भाऊबंदकी आणि पुण्याचे डावपेच यांत सात वर्षं गेली. १७६८ मध्ये थोरल्या माधवराव पेशव्यांनी त्यांचा हक्क कायम केला. त्यानंतर तीन वर्षांत, १७७१ च्या फेब्रुवारीत मराठ्यांनी दिल्ली घेतली आणि पुढच्या जानेवारीत शाहआलम बादशहाला तख्तावर आणून बसवलं. लंगडणारा हा माणूस पानिपतानंतर अकरा वर्षांनी बादशहाचा आधार झाला होता.

पण बंदुकीचा धडा त्यांना इंग्रजांनी दिला. १७७९ च्या जानेवारीत वडगावला मराठ्यांनी इंग्रजांची कोंडी करून त्यांना तह करायला लावला. त्या विजयात महादजींचा वाटा मोठा. मात्र पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १७८० मध्ये, कॅप्टन पॉपहॅमच्या शिपायांनी रातोरात शिड्या लावून ग्वाल्हेरचा अजिंक्य मानलेला किल्ला घेतला. १७८१ मध्ये शिप्रीच्या बाजूला कॅमॅकनं रात्री त्यांच्या छावणीवर छापा घातला. हे शिपाई काही विलायतेहून आलेले नव्हते. ते याच देशातले. फरक होता तो शिस्तीचा, वेळेवर मिळणाऱ्या पगाराचा आणि एका मापाच्या बंदुकांचा. आपल्याकडच्या तोड्याच्या बंदुकीला जळती जामगी सांभाळावी लागे. वारा आला, पाऊस आला की खोळंबा. चकमकीची बंदूक मात्र कवायती शिपाई मिनिटाला दोन-तीनदा भरून उडवी. नळी आतून गुळगुळीत असल्यानं नेम शंभर पावलांपलीकडे भरवशाचा नसे. म्हणून रांगा लावून एकदम बार काढायचे. त्यासाठी बंदूक हवी आणि त्याहून अधिक कवायत हवी.

१७८२ मध्ये सालबाईचा तह झाला आणि महादजी कामाला लागले. १७८४ मध्ये त्यांनी बेन्वा द बॉयन या सॅव्हॉयच्या माणसाला दोन पलटणी उभारायला सांगितलं. फ्रेंचांची, रशियाची आणि मद्रासेकडे इंग्रजांची चाकरी करून आलेला हा तिशीतला गडी. करार वाचताना मला कर्जरोख्याची आठवण झाली. त्याला स्वतःला महिना हजार रुपये आणि दर माणशी आठ रुपये. त्यातून त्यानं शिपायाला साडेपाच रुपये द्यायचे आणि उरलेल्यात अंमलदारांचा पगार भागवायचा. सँग्स्टर नावाचा एक स्कॉट कारागीर त्याला येऊन मिळाला. तो आधी गोहदच्या राण्याकडे होता. त्याच्या देखरेखीखाली आग्र्याला तोफा ओतल्या जाऊ लागल्या आणि त्या दहा रुपयांच्या बंदुका बनू लागल्या. हात अर्थातच इथल्याच कारागिरांचे.

या नव्या पलटणींना मराठीत कंपू म्हणू लागले. आज टोळक्याला वापरतो तोच हा शब्द.

१७८४ च्या अखेरीस बादशहानं वकील-इ-मुतलक हे सर्वोच्च पद पेशव्यांना दिलं आणि त्यांचे नायब म्हणून कारभार महादजींकडे आला. पण १७८७ च्या जुलैत लालसोटजवळ जयपूरकरांशी गाठ पडली, तेव्हा बादशाही पलटणी तोफांसकट शत्रूला जाऊन मिळाल्या. द बॉयनच्या दोन पलटणी मात्र राठोडांच्या घोडदळापुढं उभ्या राहिल्या. महादजींना माघार घ्यावी लागली, दिल्ली हातची गेली. १७८८ च्या ऑगस्टमध्ये गुलाम कादिरानं म्हाताऱ्या बादशहाचे डोळे काढले. त्याच वर्षी ऑक्टोबरात महादजींनी दिल्ली परत घेतली आणि त्या क्रूर माणसाला पकडून शासन केलं. मग कंपू वाढवला. १७९० च्या जूनमध्ये पाटण आणि सप्टेंबरात मेडता, या दोन लढायांत त्या कंपूनं राजपुतान्याचं घोडदळ रोखून दाखवलं. कंपू एकाचे तीन झाले.

जून १७९२ मध्ये महादजी पुण्यास आले. बादशहाचे मोठे किताब त्यांनी पेशव्यांना समारंभानं अर्पण केले आणि स्वतःला पाटीलच म्हणवून घेत राहिले. हा नुसता देखावा असावा असं मला वाटत नाही. कृष्णभक्त होते, पदं रचीत. १ जून १७९३ रोजी लाखेरीला त्यांच्या कंपूनं होळकरांच्या कवायती पलटणींचाही मोड केला. दोन्ही बाजूंना फिरंगी सेनापती आणि पडणारे मात्र सगळे इथले! १२ फेब्रुवारी १७९४ रोजी पुण्याजवळ वानवडीला महादजींचा अंत झाला. त्यांची छत्री तिथं आहे.

इथवरचा हिशेब जमेचा. नावेची बाजू पुढच्या नऊ वर्षांत उघडी पडली. गादीवर आले दौलतराव, वय जेमतेम पंधरा. द बॉयन लौकरच चाकरी सोडून अमाप संपत्तीसह युरोपात परतला. जाताना त्यानं दौलतरावांना सल्ला दिला तो असा, की इंग्रजांशी लढण्यापेक्षा पलटणी मोडून टाकाव्यात. घर बांधणाऱ्यानंच जाताना सांगावं, की पावसात यात राहू नका! शाँबेरी या त्याच्या गावात आज त्याच्या स्मरणार्थ चार हत्तींचं कारंजं उभं आहे.

१८०३ मध्ये इंग्रजांशी युद्ध जुंपलं. इंग्रजांनी जाहीरनामा काढला, की शिंद्यांची चाकरी सोडून येणाऱ्या आपल्या माणसांना आम्ही सांभाळू. अंमलदार एकामागून एक निघून गेले. द बॉयनच्या जागी आलेला पेराँही इंग्रजांच्या आश्रयाला गेला. ४ सप्टेंबरला अलीगड पडलं. इंग्रजांना वाट दाखवायला पुढं होता लुकन नावाचा गोरा अंमलदार. काही दिवसांपूर्वी तो शिंद्यांचंच मीठ खात होता. ११ सप्टेंबरला दिल्लीपाशी पराभव झाला, ऑक्टोबरात आग्रा कारखान्यासकट गेलं. १ नोव्हेंबरला लासवाडीला उरलेल्या पलटणी बहुतेक बिनअंमलदारांच्या उभ्या राहिल्या. त्या अशा लढल्या, की गोलंदाज संगिनीनं भोसकले जाईपर्यंत तोफा सोडीनात. जनरल लेकनं स्वतः त्यांच्या शौर्याची कबुली दिली. बंदूक खोटी नव्हती, शिपाई खोटा नव्हता. हुकूम देणारा माणूस मात्र उसना होता. तो आपल्यातून तयार व्हावा, यासाठी महादजींसारख्या दूरदर्शी पुरुषालाही सवड मिळाली नाही म्हणा किंवा सुचलं नाही म्हणा. आपल्या सरदारांना पायी चालणं कमीपणाचं वाटे, हेही एक कारण होतंच.

त्याच काळात अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातले जर्मन वंशाचे कारागीर चकमकीच्याच लांब रायफली हातानं घडवत होते. नळीच्या आत चरे पाडलेल्या, लांबवर अचूक नेम धरणाऱ्या. तेही परदेशातून हुन्नर घेऊन आलेले. पण ते तिथंच वसले, त्यांनी पोरं हाताखाली घेतली आणि विद्या त्या मातीची झाली.

३० डिसेंबर १८०३ रोजी दौलतरावांनी तह केला, तो आपल्या विदर्भात, सुर्जी अंजनगावला. दोआब, दिल्ली, आग्रा, सगळं गेलं. पुढं माझी बदली त्याच अंजनगावला झाली. पानमळ्यांच्या त्या गावात कर्जाची कागदपत्रं तपासताना हे किती वेळा मनात येऊन गेलं असेल!

आणि मग तो खाती आठवायचा. तो माझ्याकडे कर्ज मागायला आला होता. त्याला दोन पोरं हाताखाली ठेवायची होती आणि ती शिकेपर्यंत त्यांना पोटापुरतं द्यायला पैसे हवे होते. योजनेत यंत्राला पैसे होते, पोरांना नव्हते. मी त्याला भात्याऐवजी विजेचा पंखा घ्यायला लावला. माझ्या परीनं मी त्याचं कामच करून दिलं होतं. त्यानं एकही हप्ता चुकवला नाही. खातं पूर्ण वसूल होऊन बंद झालं, तेव्हा मी ते मोठ्या अभिमानानं वरिष्ठांना दाखवलं होतं.

निवृत्तीनंतर एकदा देवरीला गेलो असताना मुद्दाम त्या गावी गेलो. खाती केव्हाच गेला होता. मुलगा गोंदियाच्या राईस मिलमध्ये नोकरीला. भात्याच्या जागी बसवलेला तो पंखा गंजून पडला होता आणि ऐरण कोपऱ्यात होती. वाड्यातली बंदूक अजून खुंट्यांवर आहे. तिची कमान मोडली आहे, असं घरचे म्हणाले. ती नीट करून देणारा कुणी माहीत आहे का, असं त्यांनी मला विचारलं.