तपोवनाचे शिल्पकार : डॉ. शिवाजीराव ऊर्फ दाजीसाहेब पटवर्धन

जानेवारी महिन्यातील अखेरचा रविवार जगभर कुष्ठरोग दिन म्हणून पाळला जातो. राऊल फॉलेरो या फ्रेंच सेवाव्रतीने १९५४ साली ही प्रथा सुरू केली. भारतात हा दिवस ३० जानेवारी रोजी, महात्मा गांधींच्या पुण्यतिथीला पाळतात. या निमित्ताने आपल्या वऱ्हाडातील एका थोर सेवकाचे आम्ही कृतज्ञतेने स्मरण करीत आहोत.

डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांचा जन्म २८ डिसेंबर १८९२ रोजी झाला. मूळचे ते वऱ्हाडचे नव्हेत; परंतु अमरावती हीच त्यांची कर्मभूमी झाली. येथे त्यांनी होमिओपॅथीचा व्यवसाय केला. स्वातंत्र्यलढ्यात त्यांनी भाग घेतला आणि शहरातील श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाशीही त्यांचा निकटचा संबंध होता. प्रतिष्ठा व लोकप्रेम दोन्ही लाभलेल्या या डॉक्टरांनी पन्नाशी उलटल्यावर, १९४६ साली, विदर्भ महारोगी सेवा मंडळाच्या द्वारे अमरावतीस श्री जगदंबा कुष्ठनिवास स्थापिला. तोच आज तपोवन या नावाने सर्वपरिचित आहे.

त्या काळी महारोग हा शब्द उच्चारताच माणसे दूर सरत. निराधार कुष्ठरुग्णास अटक करून आश्रमात डांबण्याची तरतूद असलेला १८९८ चा कायदा तेव्हा अमलात होता. मनोहर दिवाण यांनी १९३६ पासून वर्ध्याजवळ दत्तपूर येथे कुष्ठसेवेचे कार्य आरंभिले होते. दूर हवाई बेटांत फादर डेमियन यांनी याच रुग्णांची सेवा करताना स्वतः हा रोग पत्करला व १८८९ साली देह ठेवला; २००९ मध्ये त्यांना संतपद देण्यात आले. दाजीसाहेबांचे कार्य याच सेवापरंपरेतील होय.

त्यांच्या कार्याचे मर्म समजण्यासाठी या रोगाचे स्वरूप ध्यानी घेतले पाहिजे. कुष्ठरोगाचे जंतू त्वचेबरोबर मज्जातंतूंनाही इजा करतात. हातापायांची संवेदना गेली की चटका किंवा काटा रुग्णास कळत नाही. जखम चिघळते, बोटे झिजतात. पापणी मिटेनाशी झाली तर दृष्टीही धोक्यात येते. १९४० च्या दशकात डॅप्सोन वर्गातील औषधे उपलब्ध झाली आणि जंतूंवर इलाज सापडला. परंतु औषधाने जंतू मेले तरी बधिर झालेला पाय बहुधा बधिरच राहतो. तो पाय आयुष्यभर रोज तपासावा लागतो, मऊ पादत्राणांत जपावा लागतो. त्यातच रोजगार सुटलेला असतो, घराचे दार बंद झालेले असते. अशा रुग्णास केवळ गोळ्या देणे म्हणजे त्याच्या दुःखाचा एक छोटासा भाग हाताळणे होय.

तपोवनात दाजीसाहेबांनी हे सारे प्रश्न एकत्र हाताळले. औषधोपचाराच्या जोडीला निवारा दिला, अन्न दिले, हातांना झेपेल असे काम दिले आणि मुलांच्या संगोपनाकडेही लक्ष पुरविले. रुग्णाने भिक्षापात्र टाकून स्वतःच्या श्रमाची भाकरी खावी, हा त्यामागील विचार होता. भारत सरकारने १९५९ साली त्यांना पद्मश्री देऊन गौरविले. ७ मे १९८६ रोजी, वयाच्या ९४ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

त्यांच्या अखेरच्या वर्षांत बहुविध औषधोपचाराचे युग सुरू झाले. रोगाच्या प्रकारानुसार ६ किंवा १२ महिन्यांच्या उपचाराने हा रोग बरा होऊ लागला. १८९८ चा तो कायदाही २०१६ मध्ये रद्द झाला. डिसेंबर २००५ मध्ये देशपातळीवर रुग्णांचे प्रमाण दर दहा हजारी एकाहून कमी झाले. तरीही २०२३ साली भारतात एक लाखाहून अधिक नवे रुग्ण आढळले. कुष्ठसेवा आता सर्वसाधारण आरोग्यसेवेत विलीन झाली असून अमरावती-अकोल्याच्या खेड्यापाड्यांतील प्राथमिक आरोग्य केंद्रांतही औषधे विनामूल्य मिळतात. वेगळ्या वसाहतीची गरज त्यामुळे ओसरली, ही आनंदाची गोष्ट होय.

मात्र आमच्या मते दाजीसाहेबांचा धडा येथेच उपयोगी पडावा. तपोवनात एका छताखाली मिळणारी देखभाल आता रुग्णाला त्याच्या गावीच मिळाली पाहिजे. गोळ्यांचा ठरावीक काळ संपला की नोंदवहीत तो बरा झाला असे लिहिले जाते. पण त्याच्या पायाची जखम, डोळ्याची काळजी आणि मनाची उभारी यांची विचारपूस पुढेही कोणी तरी करायला हवी. मधुमेहासारख्या दीर्घ आजारांनाही हेच लागू आहे.

अंगावर न खाजणारा, बधिर, फिकट वा लालसर चट्टा दिसल्यास कोणीही तो लपवू नये, वेळीच आरोग्य केंद्रात दाखवावा. शेजारी असा रुग्ण असल्यास त्याच्या घरी अवश्य जावे. दाजीसाहेबांना हेच खरे अभिवादन ठरेल.