चषकाविना विजेता

अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत स्टॉक कार शर्यतींचे वेड मोठे आहे. खास शर्यतीसाठी बांधलेल्या गाड्या नव्हेत, तर कुणीही दुकानातून विकत घ्याव्यात अशा मोटारी धावडाव्यात, या कल्पनेतून हा खेळ जन्मला. हातभट्टीची दारू वाहून नेताना पोलिसांना हुलकावणी देणारे चालक हे त्याचे पहिले नायक. १९४८ मध्ये स्थापन झालेल्या ‘नासकार’ या संस्थेने त्याला शिस्तीचे रूप दिले. या खेळातील जुन्या चालकांच्या संस्मरणीय दिवसांची उजळणी होते, तेव्हा १ डिसेंबर १९६३ या तारखेपाशी थांबावेच लागते. त्या दिवशी वेंडेल स्कॉट जिंकले होते. पण जिंकल्याचा क्षण मात्र त्यांच्या वाट्याला आला नाही.

स्कॉट यांचा जन्म २९ ऑगस्ट १९२१ रोजी व्हर्जिनियातील डॅनव्हिल या गावी झाला. कापडगिरण्या आणि तंबाखूचा व्यापार यांवर जगणारे हे गाव. गिरणीत कुणाच्या हाताखाली राबण्यापेक्षा स्वतःचा मालक स्वतःच असावे, ही स्कॉट यांची वृत्ती होती. यंत्रांची जाण त्यांना वडिलांकडून मिळाली. त्यांनी टॅक्सी चालवली, दुसऱ्या महायुद्धात लष्कराची वाहने दुरुस्त केली आणि परतल्यावर गॅरेज थाटले. जोडीला रात्रीच्या अंधारात दारूची वाहतूकही केली. त्यात एकदा ते पकडलेही गेले.

हीच कुप्रसिद्धी त्यांना शर्यतीकडे घेऊन गेली. १९५२ मध्ये डॅनव्हिलच्या शर्यतींना गर्दी खेचण्यासाठी आयोजकांना एक कृष्णवर्णीय चालक हवा होता. त्यांनी पोलिसांकडे चौकशी केली आणि पोलिसांनी स्कॉट यांचे नाव सुचवले. तोवर कृष्णवर्णीयांसाठी राखून ठेवलेल्या बाकांवरून शर्यत पाहणारा हा माणूस थेट मैदानात उतरला. आयोजकांच्या लेखी तो एक तमाशा होता, स्कॉट यांच्यासाठी मात्र आयुष्याचे काम.

ही वाट सोपी नव्हती. नासकारच्या शर्यतीसाठी गाडी ओढून न्यावी आणि केवळ वर्णामुळे दारातूनच परत फिरावे, असे प्रसंग आले. पुढे व्हर्जिनियातील एका पंचाने मुख्यालयाला न विचारता त्यांना परवाना दिला. १९५९ मध्ये त्यांनी स्पोर्ट्समन गटात राज्याचे विजेतेपद मिळवले आणि १९६१ मध्ये ते ‘ग्रँड नॅशनल’ या सर्वोच्च गटात दाखल झाले. बड्या चालकांच्या पाठीशी मोटार कंपन्या होत्या. स्कॉट यांच्या पाठीशी पत्नी मेरी आणि मुले होती. जुनी गाडी, वापरलेले टायर, गाडी दुरुस्त करणारा स्वतः चालकच आणि मदतनीस म्हणून मुलगे, असा हा संसार ३४ क्रमांकाच्या गाडीवर चालला होता.

जॅक्सनव्हिल येथील अर्ध्या मैलाच्या मातीच्या ट्रॅकवर २०० फेऱ्यांची शर्यत होती. रिचर्ड पेटी यांची गाडी अखेरच्या टप्प्यात रखडली आणि सुमारे २५ फेऱ्या उरल्या असताना स्कॉट यांनी त्यांना मागे टाकले. त्यांच्या २०० फेऱ्या पूर्ण झाल्या, पण चौकटींचा झेंडा हलला नाही. ते धावतच राहिले. दोन फेऱ्या अधिक झाल्यावर शर्यत संपली आणि विजेते म्हणून बक बेकर यांचे नाव पुकारले गेले. त्या काळी फेऱ्यांची नोंद हातानेच होत असे. स्कॉट यांनी हरकत घेतली. काही तासांच्या पडताळणीनंतर तेच दोन फेऱ्यांनी पुढे असल्याचे मान्य झाले. तोवर प्रेक्षक घरी गेले होते आणि चषकही बेकर यांच्याबरोबर गेला होता.

अधिकाऱ्यांनी हा नोंदीतील दोष ठरवला. विजेत्याला चषक देताना गौरवर्णीय तरुणीने त्याचे चुंबन घेण्याची प्रथा होती. ते दृश्य प्रेक्षकांसमोर येऊ नये म्हणूनच हा घोळ घातला गेला, असे स्कॉट कुटुंबाचे ठाम मत राहिले. सार्वजनिक ठिकाणचा वर्णभेद बेकायदा ठरवणारा नागरी हक्क कायदा यायला तेव्हा सात महिने अवकाश होता. बक्षिसाचे १,००० डॉलर मिळाले, पुढे एक साधा लाकडी चषकही मिळाला. खरा चषक नाही.

स्कॉट यांनी त्या अन्यायाचे भांडवल केले नाही आणि खेळही सोडला नाही. १९६६ च्या मोसमात ते गुणतक्त्यात सहावे आले. ४९५ शर्यतींत ते १४७ वेळा पहिल्या दहांत होते. विजय मात्र तो एकच. १९७३ मध्ये टॅलाडेगा येथे अनेक गाड्यांच्या भीषण अपघातात ते जबर जखमी झाले आणि त्याच वर्षी त्यांची कारकीर्द संपली. १९७७ मध्ये त्यांच्या आयुष्यावर ‘ग्रीज्ड लाइटनिंग’ हा चित्रपट आला. रिचर्ड प्रायर यांनी त्यात स्कॉट यांची भूमिका केली. २३ डिसेंबर १९९० रोजी डॅनव्हिल येथे त्यांचे कर्करोगाने निधन झाले.

सन्मान उशिरा आले. २०१५ मध्ये नासकारच्या हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा समावेश झाला. ऑगस्ट २०२१ मध्ये डेटोना येथे त्यांच्या कुटुंबीयांना जॅक्सनव्हिलच्या विजयाचा चषक देण्यात आला. पुढे दोनच महिन्यांत, स्कॉट यांची कारकीर्द जिथे मोडली त्याच टॅलाडेगावर बुब्बा वॉलेस जिंकला. सर्वोच्च गटात कृष्णवर्णीय चालकाचा हा दुसरा विजय. या दोन विजयांत जवळपास ५८ वर्षांचे अंतर आहे. नोंदवहीतील आकडा काही तासांत दुरुस्त करता आला, पण रिकाम्या मैदानावर एकट्याने उभ्या राहिलेल्या विजेत्याला त्याचे प्रेक्षक परत देणे कुणालाच शक्य झाले नाही.