एन. शिवराज : मद्रासच्या महापौरपदावर आपला अध्यक्ष

महापौरपदाच्या आरक्षणाची सोडत निघते आणि चिठ्ठी अनुसूचित जातीची आली की आपल्या वस्तीत गुलाल उडतो. पेढे वाटले जातात, फलक लागतात. त्या फलकांवर एन. शिवराज यांचा फोटो आम्ही अजून कुठे पाहिलेला नाही. रिपब्लिकन पक्षाचा पहिला अध्यक्ष कोण, असे शिबिरात विचारून पाहा. बाबासाहेबांपासून दादासाहेब गायकवाडांपर्यंत सगळी नावे येतात. शिवराज यांचे नाव शेवटी कोणीतरी चाचरत घेतो. ते तमिळ होते, आणि महाराष्ट्रातल्या आम्ही लोकांनी चळवळ आपल्यापुरती मोजली, हे त्यामागचे खरे कारण आहे असे आम्हाला वाटते.

नमशिवायम शिवराज यांचा जन्म २९ सप्टेंबर १८९२ चा, कडप्पाचा. एक योगायोग पाहा. मद्रास महानगरपालिका सुरू झाली तीही २९ सप्टेंबरलाच, १६८८ साली. ईस्ट इंडिया कंपनीच्या काळातला तो पहिला महापौर इंग्रज होता आणि त्याच्याकडे न्यायनिवाड्याचेही काम होते. महापौराचे कोर्टच भरत असे. पुढे इंग्रजांनी सगळी खरी सत्ता हळूहळू सरकारी अधिकाऱ्याकडे नेली. १९१९ च्या कायद्याने नगरसेवकांना आपला अध्यक्ष निवडता आला, १९३३ पासून त्या अध्यक्षाला पुन्हा महापौर म्हणू लागले. मुदत एक वर्षाची. सभा चालवायची, शहराच्या वतीने पाहुण्यांचे स्वागत करायचे, चर्चेला वळण द्यायचे. पण नळ, गटार, रस्ते, नोकरभरती यांचा प्रत्यक्ष कारभार आयुक्ताच्या हाती, आणि आयुक्त सरकारने नेमलेला.

अशा खुर्चीवर शिवराज १९४५-४६ साली बसले. त्यांच्याआधी १९३७ मध्ये जे. शिवषण्मुगम पिल्लै हे तिथले पहिले दलित महापौर झाले होते, त्यामुळे वाट अगदीच नवी नव्हती. शिवराजही नवखे नव्हते. वकिली केली, मद्रासच्या लॉ कॉलेजात कायदा शिकवला, १९२६ ते १९३६ मद्रास विधिमंडळात आणि १९३७ पासून दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळात काम केले. जस्टिस पार्टीच्या राजकारणात ते वाढले. ब्राह्मणेतर चळवळीत राहूनही अस्पृश्यांचा प्रश्न वेगळा मांडावा लागतो, हे त्यांनी तिथेच अनुभवले असणार.

१८ ते २० जुलै १९४२ ला नागपुरात भरलेल्या परिषदेत फेडरेशन स्थापन झाले आणि अध्यक्षपद शिवराज यांच्याकडे आले. बाबासाहेब त्याच महिन्यात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री म्हणून गेले. संघटनेची धुरा मद्रासच्या माणसाच्या खांद्यावर होती, हे विसरून चालणार नाही. त्याच वर्षाच्या अखेरीस कॅनडात मों त्रांब्लां येथे पॅसिफिक रिलेशन्स परिषद झाली. अस्पृश्यांच्या प्रश्नावर तिच्यासाठी निबंध बाबासाहेबांनी लिहिला आणि प्रतिनिधी म्हणून समुद्र ओलांडून गेले ते शिवराज.

आता १९४५-४६ कडे परत येऊ, कारण आम्हाला या आयुष्यात सर्वात बोचणारे वर्ष तेच वाटते. एकीकडे फेडरेशनचा अध्यक्ष मद्राससारख्या शहराचा प्रथम नागरिक. दुसरीकडे १९४६ च्या प्रांतिक निवडणुकीत फेडरेशनची धूळधाण. देशभरातल्या १५१ राखीव जागांपैकी हाती आल्या फक्त दोन. पुणे कराराने जागा राखून दिल्या, पण त्या जागांवर कोण बसणार ते संयुक्त मतदारसंघातले बहुसंख्य ठरवू लागले. राखीव जागेवर निवडून आलेला माणूस आपला असतोच असे नाही, हे त्या निकालाने उघडे केले. त्याच उन्हाळ्यात कॅबिनेट मिशनने फेडरेशनची मागणी बाजूला ठेवली आणि जुलैत पुण्यात सत्याग्रह सुरू झाला. महापौराची झूल अंगावर असलेला अध्यक्ष आणि तुरुंगात जाणारे कार्यकर्ते हे एकाच संघटनेचे होते. शोभेचे पद आणि लढाईचे पद यांतला फरक शिवराज यांना कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

नगरपालिकेचा ठराव किती पोकळ असू शकतो ते तर आपल्याला महाडने शिकवले आहे. चवदार तळे खुले करण्याचा ठराव महाड नगरपालिकेने १९२४ मध्येच केला होता, अध्यक्ष सुरबानाना टिपणीस आपल्या बाजूचे होते. तरी पाण्यापर्यंत जायला १९२७ चे २० मार्च उजाडावे लागले, आणि ऑगस्टमध्ये त्याच नगरपालिकेने ठराव फिरवला. म्हणून नगरपालिकेतल्या सफाई कामगारांचा मुंबई म्युनिसिपल कामगार संघ बाबासाहेबांनी १९३५ मध्ये उभा केला, ते आम्हाला फार महत्त्वाचे वाटते. सभागृहात एक माणूस बसवायचा तर त्याच्यामागे बाहेर संप करू शकणारे हजार हात लागतात.

महाराष्ट्रात आजही चित्र वेगळे नाही. १९४९ च्या महानगरपालिका कायद्यानुसार कार्यकारी अधिकार आयुक्तांचे, तिजोरीची चावी बऱ्याच अंशी स्थायी समितीकडे, आणि महापौर अडीच वर्षांचा. त्याच्या हाती सभा आहे. कोणता विषय पटलावर आधी घ्यायचा, कोणाला बोलू द्यायचे, प्रशासनाकडून खुलासा मागायचा की नाही, समसमान मते पडली तर निर्णायक मत कुठे टाकायचे, एवढे. हे कमी आहे, पण शून्य नाही. वस्तीच्या ड्रेनेजचा विषय तीन सभा तहकूब होतो तेव्हा तो तहकूब करणारा हात कोणाचा, हे आपल्या पोरांनी प्रेक्षक गॅलरीत बसून पाहायला हवे. मुंबईत १९५९ साली पी. टी. बोराळे महापौर झाले तेव्हा संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनाची ताकद पाठीशी होती. सोडतीतल्या चिठ्ठीने ते आले नव्हते.

शिवराज १९५७ मध्ये चेंगलपट्टूमधून लोकसभेत गेले. बाबासाहेबांच्या पश्चात ३ ऑक्टोबर १९५७ ला नागपुरात रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला तेव्हा पुन्हा त्यांनाच अध्यक्ष केले गेले. दोनच वर्षांत पक्ष दुभंगला. महाराष्ट्रातल्या नेत्यांची भांडणे महाराष्ट्राबाहेरच्या अध्यक्षाला मिटवता आली नाहीत, आणि आमच्या मते तो दोष अध्यक्षाचा कमी, आमचा जास्त.

२९ सप्टेंबर १९६४ ला, आपल्या बहात्तराव्या वाढदिवशी, ते गेले. दोन महिन्यांनी भूमिहीनांचा देशव्यापी सत्याग्रह उभा राहिला, तो त्यांना पाहता आला नाही. त्यांच्या पत्नी मीनाम्बाळ शिवराज या स्वतः फेडरेशनच्या मोठ्या नेत्या होत्या, मद्रास महानगरपालिकेत नगरसेविका होत्या, ई. व्ही. रामसामी यांना पेरियार ही उपाधी देणाऱ्या १९३८ च्या महिला परिषदेत त्या आघाडीवर होत्या. त्या १९९२ पर्यंत जगल्या. त्याच वर्षी संसदेने चौऱ्याहत्तरावी घटनादुरुस्ती मंजूर केली, आणि शहरांच्या सभागृहांत दलितांच्या व स्त्रियांच्या जागा कायद्याने राखल्या गेल्या.